बेगमी

बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या बीड जिल्ह्यातील एका गावाचे हे अंगण आहे. फाल्गुनाचे ऊन चढलेले आहे, मळणीयंत्रातून निघालेली मालदांडी ज्वारी चार दिवसांपासून पत्र्यावर पसरलेली आहे, आणि घरातल्या आजी तिच्यातला एक दाणा उचलून दाढेखाली धरत आहेत. दाणा कट् आवाज करून फुटला तर ज्वारी भरायची, आणि नुसताच चेपला गेला तर तिला आणखी दोन उन्हे द्यायची. साठवणीच्या धान्यात ओलावा 12 टक्क्यांच्या आत असावा, असे कृषिशास्त्र सांगते. या घरात तो असा मोजला जातो.

1972 च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली परदेशी लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावर खायला मिळालेली सुकडी आजींनी खाल्लेली आहे. तेव्हापासून नवे पीक हाती येईपर्यंत जुन्या ज्वारीचा तळ दिसू द्यायचा नाही, अशी या घराची रीत आहे.

अडचणीच्या काळासाठी ज्वारीच का, याचे उत्तर तिच्या हंगामात आहे. खरिपाची ज्वारी पावसात सापडली की दाणा काळा पडतो आणि त्याला बुरशी धरते. रब्बीची ज्वारी मात्र काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते, कोरड्या हवेत पिकते आणि घरात येतानाच निम्मी वाळलेली असते. शिवाय ती अख्खी ठेवायची असते. दाण्याचे कवच शाबूत आहे तोवर आतला स्निग्धांश सुरक्षित राहतो. दळल्यावर त्याला हवा लागते. बाजरीचे पीठ तर आठवडाभरातच कडवट होते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हणून पिठाच्या पिशव्या आणून ठेवण्याला आम्ही बेगमी म्हणणार नाही.

आता कणगीकडे पाहावे. तुराट्या विणून केलेल्या या कणगीला आतून-बाहेरून शेण आणि माती कालवून लिंपलेले आहे, आणि भेगा राहू नयेत म्हणून पहिला हात वाळल्यावर दुसरा दिलेला आहे. तळाशी विटांचा थर आहे, कारण जमिनीची ओल वर चढते. भिंतीपासून हातभर अंतर आहे, कारण उंदराला आडोसा मिळता कामा नये. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला ज्वारीच्या थरांमध्ये पसरला जात आहे. वरून भरायचे आणि तळाच्या तोंडातून काढायचे, या एका युक्तीमुळे आधी आलेले धान्य आधी खाल्ले जाते. पत्र्याची कोठी वापरणाऱ्यांनी उन्हात तापलेले धान्य थंड झाल्याशिवाय भरू नये, नाहीतर आत घाम धरतो.

तुरीचा न्याय उलटा आहे. अख्ख्या तुरीला भुंगा पोखरतो, डाळ केली की तो सहसा तिच्या वाटेला जात नाही. म्हणून ज्वारी अख्खी आणि तूर भरडून, अशी जोडी ठेवतात. भुईमूग शेंगेतच ठेवावा, दाणे सोलून ठेवले तर लवकर खवट होतात. माणशी रोज 400 ग्रॅम ज्वारी आणि 50 ग्रॅम डाळ धरली, तर पाच जणांच्या घराला महिन्याला 60 किलो ज्वारी आणि साडेसात किलो डाळ लागते. मीठ आणि गूळ यांचा हिशेब वेगळा, आणि गूळ पावसाळ्यात पाझरतो, हे लक्षात ठेवूनच.

गावाबाहेरचा हा दगड एका जुन्या पेवाच्या तोंडावरचा आहे. वर निमुळते आणि खाली फुगलेले हे पेव मुरमात खोदून, आतून कडबा लावून, धान्याने भरून मातीने बंद करत असत. धान्य आणि त्यातले किडे श्वास घेऊन आतला प्राणवायू संपवत, आणि कीड आपोआप मरत असे. कडेचा थर काळा पडे आणि वास धरी, मधले धान्य मात्र चांगले निघे. उघडल्यावर आधी कंदील सोडत, आणि तो विझला तर कोणी खाली उतरत नसे; ज्यांनी धीर धरला नाही, ते वर आले नाहीत.

दुष्काळ सांगून येतो, भूकंप आणि पूर तसे येत नाहीत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या भिंती कोसळल्या, तेव्हा माणसांबरोबर बेगमीही गाडली गेली. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पुराचे पाणी घरांत शिरले आणि धान्याला मोड आले. अशा वेळी चूल नसते, सरपण भिजलेले असते, आणि 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे पाहिलेल्यांना पाण्याचेही सांगायला नको. म्हणून या फळीवरच्या डब्यांत कडक भाकरी, सातूचे पीठ, खारोड्यांचे वाळवण, फुटाणे आणि शेंगदाण्याची चटणी आहे. सातूचे पीठही पीठच आहे, हे खरे; पण ते भाजलेल्या धान्याचे असते आणि थोडेच करतात. खारोड्या कोरड्याही चावून खाता येतात. डबे लहान आहेत, एका हाताने उचलून निघता यावे असे.

कणगी काठोकाठ भरली आहे. वरचे झाकण शेणमातीने लिंपून होत आले आहे, आणि नातवाने खडूने महिना लिहिला आहे. आजी खाली बसून तळाच्या तोंडातला चिंध्यांचा बोळा काढतात. सुपात पडणारी ज्वारी गेल्या वर्षीची आहे, आणि ती आजच दळायला जाणार आहे.