वासरांच्या रानातून एक फेरी

(दृश्य: फटफटायची वेळ. झाडांतून जाणारी तांबड्या मातीची वाट. थोडा वेळ फक्त पावलांचा आवाज.)

बेळगावच्या टिळकवाडीत रिक्षावाल्याला नुसतं 'व्हॅक्सिन डेपो' म्हणा, तो पुढं काही विचारत नाही. बाहेरगावच्या माणसाला मात्र डेपो म्हटल्यावर बसगाड्या आठवतात, नाहीतर सभा-मेळाव्यांच्या बातम्या. बेळगावकराला आठवते कानटोपी, कॅनव्हासचे बूट आणि सकाळची फेरी.

डेपोच्या या झाडीत चढ नाही, पायऱ्या नाहीत. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या रानात लहान मुलांना न्यायचं म्हणजे गाडी, डबे, छत्र्या आणि पायाला जळवा. इथं चार वर्षांचं पोर हात सोडवून पुढं पळालं, तरी आई गप्पा थांबवत नाही. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी अर्ध्यावरून परत फिरावं. इथं कुणी शिखर गाठायला येत नाही.

(दृश्य: वाटेच्या कडेला उकिडवी बसलेली दोन मुलं, नजर जमिनीवर.)

मुलांना आणायचंच असेल, तर मृगाच्या पहिल्या पावसानंतर आणा. जांभ्याची तांबडी माती ओली झाली की मखमलीसारखे लालभडक मृगाचे किडे वर येतात. मोठी माणसं त्यांच्याकडं न बघताच पुढं जातात. मुलं थांबतात. अशा वेळी घाई करू नये. पंधरा मिनिटांची फेरी पाऊण तासाची झाली, तरी त्यात काही बिघडत नाही. फक्त गुळगुळीत चपला घालून येऊ नका, ही माती ओली असताना साबणासारखी होते.

वरही कान द्या. टुक टुक टुक, भांडं ठोकल्यासारखा एकसुरी आवाज येतो तो तांबटाचा. पानापेक्षाही हिरवा पक्षी, त्यामुळं आवाज आला तरी तो दिसेलच असं नाही. पाचोळ्यात गलका करत उड्या मारतात ते सातभाई. आणि तांबूस पंखांचा भारद्वाज आडवा गेला, तर आजी म्हणणारच, आज गोड खायला मिळणार. बेळगावात कुंदा मिळत असताना भारद्वाजावर अवलंबून राहायची गरज नाही, हा भाग वेगळा.

(दृश्य: झाडांआड दिसणारी जुनी इमारत. कॅमेरा तिथंच स्थिर.)

पण शहराच्या ऐन वस्तीत एवढी जागा मोकळी राहिली कशी?

त्याचं उत्तर नावातच आहे. 'व्हॅक्सिन' हा शब्द लॅटिनमधल्या 'व्हॅका'वरून आला, आणि व्हॅका म्हणजे गाय. आपला 'लस' शब्दही काही कमी नाही. फोडातून, जखमेतून झिरपतो तो द्रव म्हणजे लस. देवीच्या रोगावरचं औषध खरोखरच तसं मिळायचं. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली, ती भारतातली पहिली. तिच्या दंडावर फोड आला, त्यातली लस काढून पुढच्या मुलांना टोचली, त्यांच्या दंडावरून आणखी पुढं. पोरांच्या दंडादंडांवरून लस गावोगाव जायची. त्यात एक धोका होता. एका मुलाचा दुसरा एखादा आजारही सोबत जायचा.

म्हणून मग माणसाच्या दंडाऐवजी वासरं आली. वासराच्या पोटावरचे केस भादरायचे, कातडी धुऊन बारीक ओरखडे काढायचे, त्यांत लस चोळायची. चार-पाच दिवसांनी फोड भरून आले की ते खरवडायचे, वाटायचे, ग्लिसरीनमध्ये कालवून नळ्यांत भरायचे. ही लस उष्णतेनं लवकर निकामी व्हायची. समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवरची बेळगावची थंड हवा त्या कामाला सोयीची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बेळगाव मुंबई इलाख्यात असताना, देवीची लस तयार करणारी संस्था इथं उभी राहिली. जनावरं पाळायची म्हणजे गोठे आले, वैरण आली, मोकळं रान आलं. आज आपण चालतो ते हेच रान.

(दृश्य: पाचोळा, त्यात अडकलेली कागदी प्लेट.)

वाढदिवस झाडाखाली साजरा करावा, जरूर करावा. केकच्या प्लेटा मात्र घरी न्याव्यात. आणि भक्तिगीतं लावायचीच असतील, तर खिशातल्या स्पीकरचा आवाज आपल्याच देवापुरता ठेवावा. तांबट त्या आवाजाशी स्पर्धा करत नाही, तो गप्प बसतो.

(दृश्य: बाकावर एक अज्जा आणि त्यांची नात.)

मे १९७५ मध्ये देवीच्या रोगाचा भारतातला शेवटचा रुग्ण सापडला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेनं जगातून देवी गेल्याचं जाहीर केलं. ऐंशीनंतर जन्मलेल्यांच्या दंडावर त्या लसीचा वण शोधूनही सापडणार नाही. त्यांना असते ती क्षयाच्या लसीची बारकी खूण. जुना वण मोठा, गोल, रुपयाच्या नाण्याएवढा, आत खळगी पडलेला. या वाटेवर सकाळी बाह्या दुमडून फिरणाऱ्या म्हाताऱ्यांकडं बघा, दिसेल.

पाय अजून दुखत नसतील, तर काँग्रेस रोडनं थोडं पुढं जा. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन, गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते ते एकमेव, टिळकवाडीतच भरलं होतं. त्यासाठी खोदलेली विहीर अजून आहे. मुलांना विहिरीत डोकावायला आवडतं, तेव्हा हात धरून ठेवा.

(दृश्य: अज्जांनी बाही वर केली आहे. नात वणावर बोट ठेवते.)

"अज्जा, हे वासरातून काढलेलं?"

"होय की."

"वासराला दुखलं असेल की."

अज्जा बाही खाली ओढतात. काठी घेतात, उठतात.

"दुखलंच असणार. चल, आप्पे खाऊया."

(दृश्य: दोघं पाठमोरी, फाटकाकडं. तांबटाचा आवाज चालूच.)