भिऊ नका, असा निरोप

श्रोतेहो, नमस्कार. तुम्हा सगळ्यांना नाताळच्या मनापासून शुभेच्छा.

डिसेंबरच्या थंडीत सराफ्यात गरम गराडू खाऊन उशिरा घरी परतणाऱ्या इंदूरकरांना एक दृश्य ओळखीचं असेल. दुकानं आवरत येतात, गर्दी पांगते, आणि मग सफाई मित्रांच्या हातातले झाडू चालू लागतात. आपलं शहर रात्रीतून स्वच्छ होतं ते या जागणाऱ्या माणसांमुळे. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली येशूची जन्मकथा वाचताना मला हीच माणसं दिसतात. त्याच्या जन्माची बातमी तिथं आधी राजवाड्यात गेली नाही, मंदिरातल्या याजकांकडेही गेली नाही. ती गेली माळावर रात्रीच्या वेळी कळप राखणाऱ्या मेंढपाळांकडे. आणि देवदूताने बोलायला सुरुवात केली ती ‘भिऊ नका’ असं म्हणून.

हा धीर देण्याची गरज होती, श्रोतेहो. काळ कठीण होता. रोमचा सम्राट कैसर ऑगस्टस याने नावनिशीचा, म्हणजे लोकांच्या नावनोंदणीचा, हुकूम काढला होता, म्हणून येशूच्या आईला, गरोदर मरियेला, नासरेथहून बेथलेहेमपर्यंतचा प्रवास घडला. उतारशाळेत जागा मिळाली नाही. बाळाला गव्हाणीत निजवावं लागलं. पुढे दुसरा शुभवर्तमानकार मत्तय सांगतो की हेरोद राजा त्या बाळाच्या जिवावर उठला आणि या कुटुंबाला रातोरात मिसर देशाची वाट धरावी लागली. यातली एकही अडचण सुटण्याआधी, त्या पहिल्याच रात्री, पृथ्वीवर शांती असं गीत आकाशातून ऐकू आलं.

शांती ऑगस्टसनेही आणली होती. रोमची यादवी युद्धं त्याने मिटवली, हे इतिहास नाकारत नाही. पण ती शांती फौजेच्या बळावर उभी होती. जिंकलेल्याला ती शांती वाटे, हरलेल्याला नुसती गप्प बसण्याची सक्ती. ख्रिस्ती श्रद्धा सांगते ती गोष्ट वेगळी. देवाने वरून फर्मान धाडलं नाही. तो स्वतः बाळ झाला, दुसऱ्याने उचलून घ्यावं इतका परस्वाधीन झाला. माझ्या मनाला खरा विसावा मिळतो तो इथे. घरात आजारपण असेल, मुलाची नोकरी गेली असेल, भावाभावांत बोलणं बंद असेल, तर आधी ते सगळं निस्तरून मग देवापुढे जायचं, असं नाही. तो त्या पसाऱ्यातच येतो.

अशी शांती माणसाकडून काय करून घेते, ते आपल्या माळव्यानेच पाहिलं आहे. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या. देवास जिल्ह्यात उदयनगरच्या आसपास आदिवासी शेतकऱ्यांना सावकारीच्या फासातून सोडवण्यासाठी त्या झटत होत्या. ज्यांना ते खुपत होतं त्यांनी मारेकरी घातला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी, इंदूरकडे येणाऱ्या बसमधल्या प्रवाशांदेखत, त्यांना भोसकण्यात आलं. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. राणी मारियांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्याच्या हाताला राखी बांधली. कुटुंबाने त्याला क्षमा केली, आणि पुढे त्याची सुटकाही झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच राणी मारिया यांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित करण्यात आलं.

त्या राखीचा विचार मी पुष्कळ करते. बहिणीचं दुःख त्या दिवशी संपलं असेल, असं मला वाटत नाही. पण द्वेषाला तिने घरात ठाव दिला नाही. गव्हाणीतल्या बाळाची शांती एवढी बळकट असते.

आनंदाचंही तसंच. मेंढपाळ बाळाला पाहून देवाची स्तुती करत परतले, असं लूक लिहितो. परतले ते आपल्याच कळपाकडे. तीच थंडी, तीच राखण. नवा होता तो त्यांच्या ओठावरचा शब्द.

घरात केक असेल, करंज्या असतील, दाराशी कागदी तारा लागला असेल; ते सगळं हौसेनं करा. आज रात्री जेवणं झाली की लूकचा दुसरा अध्याय काढा आणि पहिली वीस वचनं मोठ्याने वाचा. पाच मिनिटंही लागणार नाहीत. घरातल्या सगळ्यात लहान वाचकाला वाचू द्या; तो अडखळला तर अडखळू द्या. शेजारच्या काकू डोकावल्या, तर त्यांनाही बसवून घ्या.

नमस्कार.