डायनिंग कारमधलं सामायिक टेबल आणि टिप

श्रोतेहो, नमस्कार.

डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली, आणि अजूनही दर १ जूनला पुणे स्टेशनावर प्रवासी केक कापून तिचा वाढदिवस करतात. आज मात्र मला तिच्या एकाच डब्याबद्दल बोलायचंय, डायनिंग कारबद्दल. पँट्री कार पुष्कळ गाड्यांना असते. तिथलं खाणं आपल्या जागेवर येतं आणि मांडीवर सांभाळत संपवावं लागतं. खुर्ची-टेबलावर बसून, वेटरला ऑर्डर देऊन खायचा डबा, पर्यटकांच्या आलिशान गाड्या सोडल्या, तर आपल्याकडे या एका गाडीलाच उरलाय. जुन्या डब्यात ३२ जण बसत. जून २०२२ मध्ये नवे एलएचबी, म्हणजे जर्मन रचनेचे, डबे आले आणि जागा ४० झाल्या.

आता हिशेब करा. गाडीत हजारावर माणसं, प्रवास सव्वातीन तासांच्या आसपास आणि खुर्च्या चाळीस. म्हणजे तिथली खुर्ची आपल्याला तिकिटाबरोबर मिळत नाही, खाण्यापुरती मिळते. कटलेट संपलं, चहा झाला, की उठायचं. पण एक चहा समोर ठेवून, खिडकीतून घाट बघत लोणावळ्यापर्यंत मुक्काम ठोकणारे असतातच, आणि ऑम्लेटच्या आशेने दारात ताटकळणाऱ्यांची त्यांच्याशी नजरानजर होत नाही. कशी होईल? ते निसर्ग बघत असतात! रुमाल टाकून जागा धरणारे तर मला अजिबात पटत नाहीत. लोकलमधली ती विद्या लोकलमध्येच राहू द्यावी.

टेबल अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यायचं असतं, तेव्हा आधी 'इथे कुणी आहे का?' एवढं विचारलं की पुरतं. समोरचा मान हलवेल, पेपर जरा आवरून घेईल. ओळख काढलीच पाहिजे असं नाही. नोकरी कुठे, मूळ गाव कोणतं, मुलगा काय करतो, या चौकशीला समोरच्याने एका शब्दात उत्तर दिलं, तर त्याला शांतपणे खायचंय हे ओळखावं. फोन स्पीकरवर लावणाऱ्याबद्दल मी बोलत नाही, रक्तदाब वाढतो. ऑर्डर देतानाच बिलं वेगळी सांगावीत, म्हणजे शेवटी 'तुमचं राहू द्या, मी देतो'ची झटापट होत नाही. आणि मुंबईहून पुण्याला जाताना कर्जत सोडलं की कप अर्धाच भरून घ्यावा. पुढे ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे आणि वळणांवर वळणं. बशीतला चहा हलके हलके समोरच्याच्या शर्टाकडे सरकायला लागतो. अशा वेळी दोन अनोळखी हात एकाच कपाकडे जातात आणि मग आपोआप बोलणं सुरू होतं.

आता टिपचं. २०१८ मध्ये रेल्वेने गाड्यांमध्ये दरपत्रकाबरोबर सूचना लावायला घेतली: टिप देऊ नका, आणि बिल मिळालं नाही तर खाणं फुकट. मला यातलं दुसरं वाक्य जास्त मोलाचं वाटतं. बिल हातात आलं, की छापील दर आणि घेतलेले पैसे यांतला फरक लगेच दिसतो. सुट्टे नाहीत म्हणून वरचे पाच-दहा रुपये परस्पर ठेवून घेतले गेले, तर ती टिप नव्हे, ते आपलेच पैसे आहेत. सौम्य शब्दांत मागावेत. आणि जागा राखून ठेव म्हणून आधीच नोट सरकवणं ही सरळ सरळ चिरीमिरी. दारात उभ्या असलेल्या माणसाची खुर्ची आपण तिने विकत घेतो.

अमेरिकेत याच्या नेमकं उलट. मुलांकडे गेलेले आपले अनेक आईवडील शिकागोहून कॅलिफोर्निया झेफिरने सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला जातात, दोन रात्रींचा प्रवास. अ‍ॅमट्रॅक ही तिथली प्रवासी रेल्वे कंपनी. तिच्या त्या गाडीत डायनिंग कारचा कर्मचारीच तुम्हाला जागा दाखवतो. तुम्ही दोघं असाल तर समोर आणखी दोघं आणून बसवतो. इथे जागा धरण्याचा प्रश्नच नाही, आणि नुसतं गप्प बसणंही जरा विचित्र दिसतं. नाव सांगून हसायचं, कुठे उतरणार ते विचारायचं, तिथली रीतच ती.

टिपला तिथे मोठा इतिहास आहे. शयनगाड्या बनवणाऱ्या आणि चालवणाऱ्या पुलमन कंपनीने १८६८ मध्ये आपली पहिली डायनिंग कार काढली. तिच्या शयनगाड्यांवर कृष्णवर्णीय पोर्टर, म्हणजे प्रवाशांची सरबराई करणारे नोकर असत, पगार तुटपुंजा आणि भिस्त प्रवाशांच्या टिपवर. नाव काहीही असो, प्रवासी सरसकट सगळ्यांना 'जॉर्ज' म्हणून हाक मारत, मालक जॉर्ज पुलमनच्या नावाने. १९२५ मध्ये कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी संघटना बांधली. कंपनीशी करार व्हायला १९३७ उजाडलं. प्रवाशाच्या दानतीवर घर चालवायला लावणं ही मालकाची सोय होती, असं माझं स्पष्ट मत आहे. पण रीत टिकली, आणि तिथे गेल्यावर ती मोडणारे आपण कोण!

एक खाचखळगा सांगून ठेवतो. अ‍ॅमट्रॅकच्या स्लीपरच्या, म्हणजे झोपायच्या खासगी खोलीच्या, तिकिटात जेवण धरलेलं असतं, त्यामुळे बिलच येत नाही आणि आपली माणसं निर्धास्त उठून जातात. तिथे माणशी काही डॉलर टेबलावर ठेवायचे असतात. एक-एक डॉलरच्या नोटा गाडीत चढण्याआधीच जवळ ठेवा, नाहीतर टिपसाठी नोट मोडून मागायची वेळ येते, आणि तीही त्याच वेटरकडे.