रेन गार्डनच्या पोटातलं मिश्रण

रेन गार्डन, म्हणजे पावसाचं वाहतं पाणी अडवून गाळणारी खोलगट बाग, म्हटलं की लोक आधी झाडांबद्दल विचारतात. पण रस्त्यावरून वाहून आलेलं पाणी स्वच्छ करण्याचं बरंचसं काम झाडांखालचा दीड फुटाचा थर करतो. तो थर चुकला तर बागच पाण्यात घाण सोडू लागते.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात नेमकं हेच दिसलं. सिअ‍ॅटलच्या परिसरात ६० टक्के वाळू आणि ४० टक्के कंपोस्ट हे मिश्रण अगदी ठरून गेलं होतं. त्याचा मोठा उपयोगही झाला. महामार्गाच्या पाण्यात काही तासांत मरणारे कोहो सामन मासे, तेच पाणी अशा थरातून गाळून दिल्यावर जगले. टायरमधल्या एका रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन तयार होणारं ६-पीपीडी-क्विनोन त्यांना मारतं, हे २०२० मध्ये उघड झालं. म्हणजे मासे वाचले, पण बागेतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फरस आणि तांबं आत येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त निघत होतं.

याचं कारण कंपोस्टमध्येच आहे. खत कुजत राहतं, त्यातला नायट्रोजन नायट्रेट होतो आणि पाण्यासोबत निघून जातो. विरघळलेली सेंद्रिय द्रव्यं तांब्याला धरून आपल्याबरोबर बाहेर नेतात. शेतात जे खत गुणकारी, तेच इथे नडतं.

म्हणून तिथल्या पर्यावरण खात्यानं २०२१ मध्ये नवं मिश्रण मान्य केलं: आकारमानानं ७० टक्के वाळू, २० टक्के कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), १० टक्के बायोचार (कमी हवेत भाजून केलेला कोळसा). दहा चौरस मीटरच्या बागेत ४५ सेंमी थर द्यायचा तर एकूण साडेचार घनमीटर माल लागतो, म्हणजे वाळू ३.१५, कोकोपीट ०.९ आणि बायोचार ०.४५ घनमीटर. बारीक कण मोठ्यांच्या फटीत बसून आकारमान घटतं, तेव्हा थोडा माल जास्तीचा मागवावा.

कोकोपीट घेताना सावध राहा. खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या सोडणाच्या भुशात मीठ राहतं, म्हणून तो गोड्या पाण्यानं धुतलेलाच हवा. नर्सरीसाठी तयार केलेला माल मात्र बरेचदा कॅल्शियम नायट्रेटनं प्रक्रिया केलेला असतो. तो वापरला तर ज्या नायट्रेटपासून पळालो, तेच पैसे देऊन आत आणलं! पुरवठादाराला हे स्पष्ट विचारायलाच हवं. बायोचारही लाकडाचाच घ्या, कारण शेणखताच्या कोळशात फॉस्फरस भरपूर असतो. कोरडा बायोचार तरंगतो आणि त्याची भुकटी उडते, म्हणून चाळून, ओला करून मिसळावा.

आता फॉस्फरस. या मिश्रणातून तो फारसा निघत नाही, पण पाण्यातून आलेला विरघळलेला फॉस्फेट ते पकडतंच असं नाही. जिथे तळं जवळ आहे तिथे खाली आणखी एक थर देतात: ९० टक्के वाळू, साडेसात टक्के ॲक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिना (फॉस्फेट धरणारे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे सच्छिद्र कण), अडीच टक्के लोखंडाचे कण. अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यात वाळूत वजनानं ५ ते ८ टक्के लोखंडाचा कीस मिसळतात. गंज फॉस्फेटला धरून ठेवतो, पण दोन पावसांच्या मधे थर निथळून त्यात हवा जायला हवी. पाणी तुंबून प्राणवायू संपला की गंजातलं लोखंड विरघळतं आणि पकडलेला फॉस्फेट सुटतो. नायट्रेट घालवण्यासाठी मुद्दाम तळाशी पाणी साठवून ठेवणार असाल, तर लोखंड त्या पातळीच्या वर ठेवा. अ‍ॅल्युमिनाला ही अडचण नाही.

भरण्याआधी दोन चाचण्या करा. १५ सेंमी व्यासाच्या पाइपात ४५ सेंमी मिश्रण भरून पुरतं भिजवा आणि वर १५ सेंमी पाणी उभं करा. तासाभरात १० सेंमीही उतरलं नाही तर मिश्रण नापास. असं झालं की बहुधा दोष वाळूतल्या भुकटीचा असतो. आपल्याकडे क्रश सँड वापरायची तर ती धुतलेलीच घ्या. दुसरी चाचणी लोक टाळतात, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते: त्याच पाइपातून स्वच्छ पाणी सोडा आणि खाली आलेल्या पाण्यातलं नायट्रेट, फॉस्फेट, तांबं प्रयोगशाळेत मोजून घ्या.

मिश्रण आणि खडी यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड घालू नका, ते गाळानं चोंदतं. त्याऐवजी जाड वाळूचा आणि त्याखाली बारीक खडीचा थर द्या. वर आच्छादन लाकडाच्या मोठ्या ढलप्यांचं करा. तिथे कंपोस्ट पसरलं, तर खाली बदललेल्या मिश्रणाचा फायदा पहिल्याच पावसात कमी होऊ लागतो.