देवाच्या हुकमातला गाव

(दृश्य: तिन्हीसांज. आचऱ्याची बाजारपेठ. एकही दिवा नाही.)

मालवण तालुक्यातला आचरे गाव. दिवेलागणीची वेळ झाली, पण तुळशीपुढे पणती नाही. दारांना कुलपं. गोठ्यात दावी तशीच पडलेली. निदान एखादं कुत्रं अंगावर धावून येईल म्हणून आपण थबकतो. कुत्रंही गेलंय. बारा वाड्यांचा हा गाव तीन दिवस, तीन रात्री शिवेबाहेर पडलाय. पूर नाही, रोगराई नाही. रामेश्वराचा हुकूम झालाय.

ही गावपळण. भात कापून झालं, देवदिवाळी सरली, की तीन-चार वर्षांतून एकदा मानकरी देवासमोर बसतात आणि कौल लावतात. कौल मिळाला की दिवस ठरतो. मग गुरं निघतात, शेळ्या निघतात, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या निघतात. पाळण्यातलं पोर निघतं आणि अंथरुणाला खिळलेली आजीही. हिंदू जातात तसे गावातले मुसलमानही जातात. रानात, माळावर, खाडीपलीकडे माडाच्या झापांच्या खोपी उभ्या राहतात. चुली पेटतात, रात्री भजनं रंगतात, बायका फुगड्या घालतात, पोरं पाण्यात गळ टाकून बसतात. शेजारच्या चिंदर आणि वायंगणीतही ही रीत आहे.

देवस्थानाचं नाव नीट वाचा: इनामदार श्री देव रामेश्वर संस्थान. इथला देव इनामदार आहे. त्याला जमीन आहे, हद्द आहे, मानकरी आहेत, आणि त्याचा शब्द मोडायची गावाची छाती नाही. दूरच्या कुणाला ही कल्पित राज्याची गोष्ट वाटेल. आम्ही मात्र त्या राज्यातच वाढलो. आमच्याकडे या कारभाराला नाव आहे, गावऱ्हाटी.

(दृश्य: गड नदी, होडीतून. दोन्ही काठांवर माड.)

आचऱ्याहून थोडं दक्षिणेला गड नदी समुद्राला मिळते. सह्याद्रीतून उतरते, कणकवलीत जानवली नदीला पोटात घेते आणि मसुऱ्यावरून कालावलच्या खाडीत येते. मसुऱ्याजवळ नदीच्या एका अंगाला भरतगड, समोरच्या अंगाला भगवंतगड. एकमेकांवर नजर ठेवायला दोन वेगळ्या राज्यकर्त्यांनी बांधलेले किल्ले. आज भरतगडावर आंब्याची बाग आहे. भगवंतगडाची वाट झाडीत शोधावी लागते. पण कुठल्या ओहोळापाशी एका देवाची हद्द संपते आणि दुसऱ्याची सुरू होते, ते काठावरचं शाळकरी पोरही सांगतं. किल्ल्यांचे धनी गेले, शिवेवरचा राखणदार देवचार आहे तिथेच आहे.

कुठे रामेश्वर, कुठे रवळनाथ, कुठे वारुळाच्या रूपात बसलेली सातेरी. त्यांच्या हाताखाली शिवेचे, पाणवठ्याचे, वाटेवरचे राखणदार. प्रत्येकाला नारळ वेगळा, जागा वेगळी. थोडं खाली, वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला वेतोबा आहे. त्याला भक्त चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. रात्री गावाची राखण करत फिरताना त्या झिजतात, असं गाव मानतो. चालून चालून वहाणा झिजवणारा राजा मला तरी दुसरीकडे कुठे भेटलेला नाही.

(दृश्य: गाभारा. समईचा उजेड. पाषाणावर ओल्या पाकळ्या.)

आता कौल. देवाच्या पाषाणावर डाव्या-उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवतात. प्रश्न मोठ्याने विचारतात, सगळ्यांच्या कानांवर पडेल असा. मग नुसतं बसायचं. समईची वात चुरचुरते, बाहेर पोरं गलका करतात, आत कुणी हलत नाही. उजवी पाकळी सुटली तर होकार. डावी सुटली तर नकार. सुटलीच नाही तर देवाला अजून बोलायचं नाही. पुन्हा गाऱ्हाणं घालायचं.

"बा देवा म्हाराजा, लेकरांची काय चूकभूल झाली आसात तर ती पदरात घे, आणि जो काय तुझो हुकूम आसात तो उजवो करून दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या क्षणी सगळ्यांत मोठा मानकरीही हात जोडून खाली बसलेला असतो, आणि मला या राज्याचं हेच सर्वांत मोठं बळ वाटतं. पण मान कुणाचा, गाऱ्हाणं कुणी घालायचं, पहिला नारळ कुणाचा, हे अजून जन्मानेच ठरतं आणि बारा-पाचाच्या, म्हणजे मानकऱ्यांच्या, त्या बैठकीत बाईला जागा नाही. हे मला लहानपणापासून खुपत आलंय. देवाने असा हुकूम दिल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

मसुऱ्याच्याच आंगणेवाडीत भराडीदेवीची जत्रा भरते. लाखो माणसं येतात, मुंबईहून गाड्या भरून येतात. पण तारीख पंचांगात सापडत नाही. ती देवीच्या कौलाने ठरते, आणि मग चाकरमानी रजेचे अर्ज टाकतात. देवी प्रकटली ती भरडावर, म्हणजे उंचावरच्या कोरड्या, खडकाळ जमिनीवर. म्हणून ती भराडी. जत्रेच्या रात्री वाडीतल्या बायका तिचा प्रसाद रांधतात तो तोंडातून चकार शब्द न काढता. एवढ्या गर्दीत ती चुलीजवळची शांतता मला अजून आठवते.

(दृश्य: कालावलची खाडी. वाळूने भरलेल्या होड्या.)

हे सांगताना घसा दाटतो, तरी सांगतो. देवराईतली काटकी उचलायला जो हात कचरतो, तो नदीच्या तळातली वाळू उपसायला कचरत नाही. वाळू गेली की काठ ढासळतो, भरतीचं खारं पाणी आत सरकतं, काठच्या विहिरी मचूळ होतात आणि माड मुळासकट पाण्यात वाकतात. देवांच्या जमिनींचा हिशोब आता कोल्हापूरच्या देवस्थान समितीच्या दप्तरात असतो. नदीचा तळ कुणाच्या हद्दीत येतो, हे मी एकदा देवळात जाणत्यांना विचारलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक म्हातारे म्हणाले, "शीव पाण्याच्या मधात येता. अर्धी तेंची, अर्धी आमची."

(दृश्य: चौथी सकाळ. खोपींवर दव.)

आचऱ्याची माणसं लवकर उठलीत. भांडी घासून झाली, वळकट्या बांधून झाल्या, पण पाय कुणी उचलत नाही. परतायलाही कौल लागतो. तो मिळाला नाही तर मुक्काम वाढतो. खाडीपलीकडे घरांची कौलं दिसतायत, हाकेच्या अंतरावर. एक बाई टोपली किंचित उचलून कोंबडीला दाणे टाकते आणि पुन्हा झाकते.

मानकरी देवळात गेले आहेत. पाकळ्या लावून झाल्या.