चिखलात थांबलेला मासा

(स्क्रीनवर: भेगाळलेली कोरडी जमीन)

नमस्कार. ही जागा आहे दक्षिण मोझांबिकमधली. काळी चिकणमाती, जनावरांच्या खुरांचे ठसे वाळून दगड झालेले, पाण्याचा टिपूस नाही. आणि तरीही या मातीत मासे आहेत. अंड्यांच्या रूपात, पण जिवंत.

टर्कॉइज किलिफिश हे त्याचं नाव. नर निळा-हिरवा, शेपटी लाल किंवा पिवळी. मादी साधी, मातकट. झिंबाब्वेतल्या गोनारेझू अभयारण्यात हा 1968 मध्ये सापडला. पाऊस पडला, डबकं भरलं, की जेमतेम 5 मिलिमीटरचं पिल्लू बाहेर येतं आणि खात सुटतं. मोझांबिकच्या डबक्यांत संशोधकांना काही मासे अवघ्या 14 दिवसांत वयात आलेले सापडले. मग रोज अंडी घालणं सुरू. नर आपल्या पाठीवरचा पर मादीवर टाकतो, तिला तळाशी दाबतो, आणि एकेक अंडं चिखलात जातं. थोड्याच महिन्यांत डबकं आटतं, मासे मरतात.

बहुतेक जण गोष्ट इथेच संपवतात: ‘बिचारा, किती कमी जगतो!’ मला हे पटत नाही. अहो, त्याचं बरंचसं आयुष्य अंड्यातच जातं, ते मोजायचंच नाही का?

मिलिमीटरभर अंडं, पण त्यातलं भ्रूण वाढता वाढता मध्येच थांबू शकतं. याला डायपॉज म्हणतात. थांबे तीन. पहिला अगदी सुरुवातीला, शरीर आकाराला येण्याआधी. तिसरा, पिल्लू पूर्ण तयार झाल्यावर. मधला मला सगळ्यात विलक्षण वाटतो: मेंदू घडू लागलेला, हृदय तयार, ठोके अगदी मंद, आणि वाढ महिनोन्‌महिने ठप्प.

आता यातली खरी हुशारी ऐका. एकाच मादीची सगळी अंडी एका वेळी थांबत नाहीत. काही मधला थांबा चक्क गाळतात. का? समजा, अवकाळी सर आली, डबकं भरलं आणि आठवड्यात आटलं. जी पिल्लं फसून बाहेर आली, ती गेली. पण त्यांची भावंडं अजून मातीत आहेत, पुढच्या पावसासाठी.

(स्क्रीनवर: अंड्याचं क्लोजअप)

हे बघा, तिसऱ्या थांब्यावरचं अंडं. पिल्लू आत वेटोळं करून बसलंय. कवचातून दिसतायत ते दोन काळे डोळे, भोवती सोनेरी कडा. फक्त पाणी यायचं बाकी आहे.