इवो जिमा : बेटाच्या पोटात लढलेली लढाई

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो ‘इवो जिमा घेण्याची गरज होती का?’ असा. इवो जिमा म्हणजे पॅसिफिक महासागरातलं जपानचं छोटं ज्वालामुखी बेट, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ते लढून घेतलं. त्या प्रश्नावर मी बोलणारच आहे. पण त्याआधी एका फोटोचा समाचार घेऊ द्या, कारण त्या फोटोने ही सगळी लढाई झाकून टाकली आहे.

सुरिबाची डोंगरावर सहा अमेरिकन मरीन, म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारे सैनिक, झेंडा उभारताहेत. जो रोझेन्थलने २३ फेब्रुवारी १९४५ रोजी टिपलेला हा फोटो इथे बसलेल्या प्रत्येकाने पाहिला असेल. तो त्या दिवशीचा दुसरा झेंडा. पहिला लहान होता, लांबून नीट दिसेना, म्हणून मोठा आणवला. फोटो पाहून वाटतं, झेंडा लागला म्हणजे बेट पडलं. पण हा लढाईचा पाचवा दिवस! लढाई चालली २६ मार्चपर्यंत. फोटोतल्या सहापैकी तिघे नंतर त्याच बेटावर मारले गेले. दिनविशेषात फोटो छापतात, हे मात्र छापत नाहीत. मला याचा राग येतो आणि तो तुम्हालाही यावा अशी माझी इच्छा आहे.

सुरिबाची बेटाच्या दक्षिण टोकाला. खरा बचाव होता उत्तरेच्या पठारावर, आणि तोही जमिनीखाली. इथे माझा आवडता मुद्दा येतो. अमेरिकन नियोजकांनी बेटाचं क्षेत्रफळ पाहिलं : जेमतेम २१ चौरस किलोमीटर. बेटावरचा जपानी सेनापती जनरल तादामिची कुरिबायाशी, त्याने त्याची खोली पाहिली.

आपला सह्याद्रीही ज्वालामुखीतूनच आला, पण तो लाव्ह्याच्या थरांचा कठीण कातळ. पहार मारा, ठिणगी उडेल. इवो जिमावर राख दाबली जाऊन झालेला मऊ दगड भरपूर. तो हाताने खणता येतो आणि खणल्यावर उभाही राहतो. शिवाय तिथली काळी वाळू सिमेंटमध्ये मिसळली की काँक्रीट उत्तम होतं. जून १९४४ मध्ये बेटावर आल्यावर कुरिबायाशीने भुयारं खणायला घेतली, आणि लढाई सुरू होईपर्यंत सुमारे १८ किलोमीटर खणून झाली.

पण खणणाऱ्यांचे हाल ऐका. बेटाखाली आग अजून जिवंत आहे. भुयारात उष्णता ५० अंशांच्या घरात, गंधकाच्या वाफा, तोंडावर गॅस मास्क. एक माणूस काही मिनिटं खणणार, बाहेर येणार, दुसरा आत जाणार. बेटावर नदी नाही, ओढा नाही. पावसाचं साठवाल तेवढंच पाणी, विहिरीचं पाणी गंधकाचं. ते पिऊन माणसं आमांशाने आडवी झाली. आणि त्याच बेटावरून हा सेनापती बायकोला पत्रात लिहितो की, स्वयंपाकघराच्या जमिनीतल्या फटीतून वारा येतो, ती बुजवायची राहूनच गेली. परत जायचं नाही हे त्याला ठाऊक होतं. हा माणूस तरुणपणी अमेरिकेत राहिलेला, त्या देशाची ताकद डोळ्यांनी पाहिलेला. म्हणूनच त्याने बान्झाय हल्ल्यांना, म्हणजे तलवारी उपसून मरायला धावण्याला, मनाई केली. किनाऱ्यावरच शत्रूला अडवावं असं जपानी नौदलाचे अधिकारी म्हणत होते, त्यांच्याशी तो भांडला.

मग १९ फेब्रुवारीची सकाळ. मरीन्सनी १० दिवसांचा तोफमारा मागितला होता, मिळाला ३ दिवसांचा. उतरले तर समोर काळ्या राखेचे पायऱ्यांसारखे चढ, कुठे कुठे दोन पुरुष उंच. पाय घोट्यापर्यंत रुतायचा, चाकं जागीच फिरायची. आडोशाला खड्डा घ्यावा तर ज्वारीच्या राशीत हात घातल्यासारखी राख पुन्हा आत घसरायची. जवळजवळ तासभर जपानी गप्प राहिले. किनाऱ्यावर माणसं आणि सामान दाटलं, आणि मग सगळ्या बाजूंनी तोफा, उखळी तोफा, मशीनगन सुटल्या. तोवर दोन महिन्यांहून जास्त काळ बेटावर बॉम्ब पडत होते, तरी बेटाच्या पोटातली माणसं शाबूत होती!

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ प्रश्नाकडे भरभर जातो.

हे बेट घ्यायचं ठरलं ऑक्टोबर १९४४ मध्ये. अमेरिकेच्या ताब्यातल्या मारियाना बेटांवरून टोकियोवर जाणाऱ्या बी-२९ या अवजड बॉम्बफेकी विमानांना सोबत करायला लढाऊ विमानं हवी होती आणि इवो जिमा साधारण अर्ध्या वाटेवर. कारण पटण्यासारखं होतं. पण मार्च १९४५ मध्ये, बेटावर अजून माणसं मरत असतानाच, या बी-२९ चा अमेरिकन सेनापती कर्टिस लमे याने रात्री कमी उंचीवरून आगीचे बॉम्ब टाकायला सुरुवात केली. त्या हल्ल्यांना सोबतीची गरज नव्हती.

मग दुसरं कारण पुढे आलं : २,२५१ बी-२९ विमानं तिथे उतरली, म्हणजे सुमारे २४ हजार वैमानिक वाचले. हा हिशेब मला मान्य नाही. त्यातली कितीतरी विमानं इंधनासाठी किंवा निव्वळ खबरदारी म्हणून उतरली. प्रत्येक उतरलेलं विमान बुडालंच असतं असं धरून बेरीज करता येत नाही. काही विमानं खरोखर वाचली, पहिलं ४ मार्चलाच उतरलं, हे मी नाकारत नाही.

किंमत बघा. सुमारे ६,८०० अमेरिकन मेले, १९ हजारांहून अधिक जखमी झाले. सुमारे २१ हजार जपान्यांपैकी लढाईत जिवंत हाती लागले २१६. माझं मत असं की ठरवताना निर्णय चूक नव्हता, पण त्याचं मूळ कारण लढाई संपायच्या आतच लंगडं पडलं होतं, आणि नंतरचा आकडा त्या मृत्यूंना अर्थ द्यावा म्हणून फुगवला गेला. असं म्हणण्यात त्या मरीन्सचा अपमान नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी प्रश्नोत्तरांत मला जरूर गाठावं, विशेषतः बी-२९ च्या आकड्यावर.